सगळे ड्रायव्हर पास

रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघरात एक गृहस्थ भाषण द्यायला येतात. म्हणजे येतात मुलीच्या मोबाइलमधून, पण आवाज असा की जणू ओट्याला टेकूनच उभे आहेत. दुमडलेल्या बाह्या, गालावर आलेला माइक आणि स्टेजभर येरझाऱ्या. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी पुढे कसं यायचं, हे ते सांगतात. स्वतः कधी कुठे नोकरी केली, ते मात्र सांगत नाहीत. मी तसं एकदा बोलून दाखवलं, तर मुलगी म्हणाली, "आई, तू आधी ऐकून तर घे." मी म्हटलं, "ऐकतेच आहे की. दार लावलं तरी ऐकू येतात, दुसरा इलाज काय आहे मला?"

मुलीला घरात आम्ही बबडी म्हणतो. बाहेर ती ऑडिओलॉजिस्ट आहे. माणसाला किती ऐकू येतं ते तपासायचं आणि कमी येत असेल तर कानाला यंत्र लावून द्यायचं, हे तिचं काम. हॉस्टेलमध्ये राहून शिकली, परत आली आणि कानांच्या एका दवाखान्यात लागली. अजून कायम झालेली नव्हती. ते तिच्या मॅडम महिनाअखेरीला ठरवणार होत्या, म्हणून घरात सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. मी घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते, आणि आमचे हे बसवर ड्रायव्हर आहेत.

त्याच सुमाराला ती बातमी आली. दुसऱ्या कुठल्या शहरात रेल्वे फाटकावर एका बसला इंजिनाने धडक दिली. जीव कुणाचा गेला नाही, पण बऱ्याच जणांना लागलं. ड्रायव्हरला इंजिनाचा भोंगाच ऐकू आला नव्हता. टीव्हीवाल्यांनी त्याचा चेहरा इतक्या वेळा दाखवला की तो आमच्या नात्यातला वाटायला लागला. मग चौकशीत निघालं की त्याची कानतपासणी वर्षभरापूर्वीच झाली होती आणि त्यात तो चांगला पास होता.

हे जेवता जेवता थांबले. म्हणाले, "त्याला रोज दाखवतात. पण ज्यानं त्याला पास केलं, तो कुठाय? त्याला दाखवा की एकदा."

बबडी टीव्हीकडे बघत तशीच बसून राहिली.

बातमीचा परिणाम असा झाला की सगळीकडच्या बस कंपन्यांना एकदम जाग आली. यांच्या डेपोनेही फर्मान काढलं, की वयाने मोठ्या सगळ्या ड्रायव्हरांनी कान तपासून दाखला आणायचा, नाहीतर बस मिळणार नाही. तपासायचं कुठे, तर बबडीच्या दवाखान्यात. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मॅडम परगावी गेलेल्या. म्हणजे सगळी मदार आमच्या बबडीवर.

पोरगी अशी कामाला भिडली की बघत राहावं. सकाळी डबा घेऊन जायची ती दिवे लागल्यावर परत. पण चेहरा फुललेला. "आई, सुरुवातीला एकेकाला खूप वेळ लागत होता. मग सरांचं ते लयीचं भाषण आठवलं." सर म्हणजे येरझाऱ्यावाले. "प्रत्येक कामाला एक लय असते म्हणे, ती सापडली की माणूस थकत नाही. मला सापडली! आता रांग पटापट सरकते." डेपो मॅनेजरने दवाखान्यात फोन करून तिचं कौतुक केलं. मलाही बरं वाटलं. येरझाऱ्यावाल्या गृहस्थांना मी मनातल्या मनात थोडी सवलत दिली.

शेवटच्या दिवशी यांचा नंबर लागला. संध्याकाळी आले ते दाखला हातात नाचवतच. "बघ! कान एकदम ठणठणीत. तू उगाच मला बहिरा बहिरा म्हणतेस!"

मी तसं म्हणायचे, ते खरं आहे. आम्हा नवराबायकोत ती रोजची थट्टा होती. दाराची घंटा मी ऐकायची, वॉशिंग मशीनची शिट्टी मी ऐकायची, फोनवर कोण काय म्हणालं ते मी यांना तोंडासमोर उभं राहून सांगायचं. इतकी सवय झालेली की मला त्याचं काही वाटेनासंच झालं होतं. दाखला बघून मला हसू आवरेना. हे पाठमोरे बसून बूट काढत होते. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अहो, तुमच्या खांद्यावर पाल आहे."

हे शांतपणे बुटाची नाडी सोडत राहिले.

पालीला हे इतके घाबरतात की नुसतं नाव काढलं तरी खुर्चीवर चढतील. मी आणखी एकदा म्हटलं. हे गुणगुणत दुसरा बूट काढायला लागले. आणि मग माझं हसू मावळलं. हा माणूस उद्या पहाटे भरलेली बस घेऊन निघणार होता, आणि त्याच्या खिशात माझ्या मुलीच्या सहीचा कागद होता.

बबडी आल्यावर मी तिला पार्लरमध्ये घेतलं आणि सरळ सांगितलं, की यांना ऐकू येत नाही, तुझं काहीतरी चुकलंय. तिचं पित्त खवळलं. "आई, लाखमोलाचं यंत्र आहे ते. मागच्याच महिन्यात तपासून घेतलंय. तू घरी बसून मला शिकवू नकोस."

मी म्हटलं, "मी शिकवत नाहीये, बाई. मी फक्त या माणसाबरोबर राहते."

आवाज चढले तसे हे आत आले. काय चाललंय ते कळल्यावर तेही तापले. "ऐकू येत नाही कसं? टुंई, टुंई, टुंई, सगळे आवाज ऐकले मी. आवाज आला की बटण दाबायचं. सिग्नलवर उभं राहिल्यासारखंच होतं. आता हिरवा लागेल, आता लागेल, लागला. एकही चुकवला नाही."

बबडीने चमकून त्यांच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बाबा, इकडे या जरा."

तिने यांना माझ्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसवलं, खुर्ची आरशाकडून भिंतीकडे फिरवली आणि डोळे मिटायला सांगितलं. "मी कंगवा वाजवते. आवाज आला की बोट वर करा." मग मागे उभी राहून ती कंगव्याचा दांडा कात्रीवर ठरावीक वेळाने वाजवायला लागली. टक. हे बोट वर करत. पुन्हा टक. पुन्हा बोट वर. असं छान चाललं होतं. मग बबडीने हात थांबवला.

बोट वर झालं. थोड्या वेळाने पुन्हा वर झालं. खोलीत पंख्याशिवाय कशाचा आवाज नव्हता, आणि आमचे हे डोळे मिटून, प्रसन्न चेहऱ्याने, अगदी वेळच्या वेळी बोट वर करत होते. लबाडी नव्हती त्यात. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण ऐकतोय.

बबडी स्टुलावर बसली. "मधे गप्प बसायचं असतं," ती म्हणाली. "कधी थोडं, कधी जास्त. पुढचा आवाज केव्हा येणार, त्याचा माणसाला अंदाज लागता कामा नये. पहिल्या वर्षी शिकवतात हे. आणि मी... मी ठरावीक वेळानं एकेक आवाज देत सुटले. माझी लय सापडली म्हणून खूश होते. ती त्यांनाही सापडली." आणि रडायलाच लागली.

जन्मभर सिग्नलची वेळ अंगात मुरलेली ड्रायव्हर माणसं ती. एकेकाने दोन-चार आवाज ऐकले असतील, पुढचे बारीक होत गेलेले सगळे अंदाजाने. सगळेच्या सगळे पास!

यांनी हळूच दाखला खिशातून काढून टेबलावर ठेवला. आता त्यांचा आवाज उतरला होता. "असं कर बबडे. माझा एकट्याचा फाड. मी सांगतो डेपोत, कान दुखतोय, पुन्हा तपासायचंय. बाकीच्यांचं कशाला उकरतेस? आठवड्यावर तुझं कायम व्हायचं आलंय."

खरं सांगते, मलाही त्या क्षणी तेच हवं होतं. पोरीने इतकी वर्षं हॉस्टेलचं जेवण जेवून शिकायचं आणि पहिल्याच नोकरीत नाव खराब करून घ्यायचं? मी म्हटलं, "हळूहळू बोलव ना एकेकाला. गाजावाजा कशाला?"

तिने नाक पुसलं. "बाबा, तुम्हीच विचारत होतात ना, पास करणारा कुठाय? मी इथेच आहे." आणि तिथल्या तिथे मॅडमना स्पीकरवर फोन लावला. लावता लावता मला म्हणाली, "आई, सरांनी आणखी एक सांगितलंय. आपली चूक आधी आपल्याच तोंडून बाहेर पडली पाहिजे, दुसऱ्याच्या तोंडून नाही." मी त्या गृहस्थांना एवढ्या शिव्या घातल्यात, पण हे त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत मी पोचते. तोवर या ड्रायव्हरांपैकी कुणीही बस काढायची नाही, हे डेपोला तू सांगायचंस. प्रत्येक ड्रायव्हरला फोन तू करायचास. कारण खरं ते सांगायचं, यंत्रावर ढकलायचं नाही." बबडी प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होती. सगळे फोन होईपर्यंत तिचा आवाज बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी पार्लर बंद ठेवलं आणि यांच्याबरोबर गेले. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ड्रायव्हर चिडलेले, डेपो मॅनेजर त्याहून चिडलेला, कारण जादा माणसं बोलावूनही निम्म्या बस उभ्या होत्या. यांचा दोस्त पैलवान दारातच हाताची घडी घालून उभा. नावाला शोभेल असाच देह. "पोरी, चूक तू करायची आणि रांगेत आम्ही उभं राहायचं? मी नाही बसणार जा त्या काचेच्या पेटाऱ्यात. दाखला आहे माझ्याकडे, तुझ्याच सहीचा."

बबडी म्हणाली, "काका, तो दाखला चुकीचा आहे. रागवा तुम्ही, पण आत चला." पैलवान हलायला तयार नाही. मागचे त्याच्याकडे बघत होते. तो बसला नसता तर कुणीच बसलं नसतं.

तेव्हा हे उठले. शर्ट नीट केला आणि तपासणीच्या काचेच्या खोलीत जाऊन बसले. नात्यातल्या माणसाची तपासणी या वेळी बबडीने करायची नाही असं ठरलं, म्हणून मॅडम स्वतः यंत्रावर बसल्या. बाहेरून आम्हाला सगळं दिसत होतं. हे कानाला हेडफोन लावून बसलेले, हातात बटण. मॅडम मधेच नुसत्या थांबायच्या. हे बटण दाबायचे आणि मग गोंधळून बघायचे. असं होत होत शेवटी शेवटी त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकून राहिला. त्यांचा चेहरा बघून मला आत जाऊन त्यांना हाताला धरून बाहेर आणावंसं वाटलं.

नापास झाले. दोन्ही कानांनी. निकाल कागदावर लिहायचं काम बबडीकडे होतं.

डेपो मॅनेजर माणूस वाईट नव्हता. तो बबडीला बाजूला घेऊन म्हणाला, "निवृत्तीला किती राहिलंय त्यांचं? एकदाही गाडी घासलेली नाही या माणसानं. जरा सांभाळून लिहा ना. घरचाच माणूस आहे तुमचा."

बबडीने उत्तर द्यायच्या आत हेच म्हणाले, "काय म्हणताय साहेब? मोठ्यानं बोला." साहेबांना ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावं लागलं. हे म्हणाले, "नाही, ती तसं लिहिणार नाही. आणि तिनं लिहिलं तर मी बस घेणार नाही."

मग पैलवानाने हाताची घडी सोडली. "सख्ख्या बापाला सोडलं नाही या पोरीनं, आपली काय कथा!" असं म्हणत काचेच्या खोलीत शिरला. त्याला बबडीने तपासलं. एकेक आवाज देऊन ती इतकी निवांत थांबायची की पैलवानालाच घाम फुटला. तो पास झाला. त्याच्यानंतर रांग आपोआप लागली.

बबडीचं कायम होणं मॅडमनी सहा महिने पुढे ढकललं. तोंडावर सांगितलं, बबडीने तोंडावर ऐकलं. यांना कानाचं यंत्र बसेपर्यंत आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत डेपोत नवीन ड्रायव्हरांना शिकवायचं काम मिळालं. पहिल्यांदा कुरकुरले, पण दुसऱ्याला चुका सांगण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर स्वारी खुलली.

त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना आम्ही बसनेच आलो. बस पैलवानाची होती. हे कधी दुसऱ्याच्या बसमध्ये बसले, की त्यांचा प्रवास म्हणजे छळ असतो. पाय सारखा जमिनीवर दाबतात, जणू ब्रेक त्यांच्याच पायाखाली आहे, आणि प्रत्येक वळणाला पुढची सीट घट्ट धरतात. मी मनाची तयारी करूनच शेजारी बसले होते. पण दोन थांबे गेले नाहीत तोच त्यांची मान माझ्या खांद्यावर कलली. चक्क झोपले होते. आमच्या थांब्यापर्यंत त्यांना हूं की चूं नाही.

उतरल्यावर मी समोर उभी राहून विचारलं, "अहो, तुम्हाला आणि बसमध्ये झोप? ती कशी काय लागली?"

हे निघून चाललेल्या बसकडे बघत म्हणाले, "त्याला आपल्या बबडीनं तपासलंय ना."