एकशे सतरा नंबरचे पिंप

सदतीस पिंपे. हेक्टर शँडने ती दुसऱ्यांदा मोजली, तरी सदतीसच भरली. डाव्या भिंतीला मध्यम आकाराची एकवीस, उजवीकडे लहान पंधरा, आणि टोकाला, जिथे भिंतीमागून लॅगी नदी वाहते आणि दगडांना बारा महिने ओल असते, तिथे एकटेच एक मोठे, पूर्वी शेरीचे असलेले पिंप. क्रमांक एकशे सतरा. सदतीसपैकी चार गळकी, दोन रिकामी. खाली मातीची जमीन, वर एक दिवा, तापमान आठ अंश.

"मोजून वाढणारेत का ती?" दारातून वॉटी गेडिसने विचारले. "मेंढ्या आहेत होय?"

"शुक्रवारी लॉरी येतेय. आकडा द्यायचाय."

"मग एकदा मोज की लेका. दुसऱ्यांदा मोजायला लागला म्हणजे माणूस म्हातारा झाला समज."

वॉटीने इन्व्हरलॅगीच्या व्हिस्की कारखान्यातल्या तांब्याच्या भट्ट्या तीस वर्षे सांभाळल्या होत्या. मे महिन्यात कंपनीने त्या विझवल्या, तेव्हापासून त्याला काम नव्हते. तरी तो रोज सकाळी आठला येई आणि खिशात हात घालून फिरे. हेक्टर कोठाराचा माणूस. शुक्रवारनंतर त्यालाही काम उरणार नव्हते.

इन्व्हरलॅगीची व्हिस्की एकशे आठ वर्षे निघत होती, पण या नावाची बाटली कुणी पाहिली नव्हती. पिंपे दक्षिणेकडे जात, तिथे ती दहा ठिकाणच्या मालात मिसळली जात आणि बाटलीवर नाव तिसऱ्याचेच लागे. हेक्टरची बायको एल्स्पेथ म्हणायची, "आपण म्हणजे सूपमधलं मीठ. नसलं तर बोंब, असलं तर कौतुक मटणाचं."

एकशे सतरा एल्स्पेथने भरले होते. १९४२ साली गावातले पुरुष लढाईवर होते, हेक्टर जर्मनांच्या कैदेत होता, आणि भरणीच्या खोलीत बायका काम करत होत्या. धान्य मिळेना म्हणून भट्ट्या बंद पडल्या, त्याआधीचे हे शेवटचे पिंप. झाकणावरचा पांढरा आकडा तिच्याच हातचा होता. सातच्या पोटात ती आडवी रेघ मारत असे. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती.

गेल्या महिन्यात कंपनीचे पत्र आले. एकशे सतरा मापात बसले, तर त्याच्या बाटल्या भरायच्या, साडेचारशे निघतील, आणि त्यांच्यावर लिहायचे: इन्व्हरलॅगी, १९४२. मापात बसणे म्हणजे शंभरात चाळीस भाग मद्यार्क. चाळीसच्या खाली गेलेल्या द्रवाला कायदा व्हिस्की म्हणू देत नाही. तसे झाले तर तेही इतरांबरोबर मिश्रणाच्या टाकीत जाणार होते.

पत्र आल्यापासून हेक्टर दाढी रोज करत होता.

नऊ वाजता मॉरा इनेस आली. ती कंपनीची रसायनतज्ज्ञ, पण तिचा बाप याच आवारात अबकारी अधिकारी होता. कोठाराला दोन कुलपे असत, एक कंपनीचे, एक सरकारचे. सरकारची किल्ली बापाच्या कमरेला आणि लहानगी मॉरा त्याच्या बोटाला, असे ते दोघे रोज सकाळी येत.

"काका, याचं शेवटचं मोजमाप कधी झालं?" तिने वही उघडून विचारले. "इथे अठ्ठावन्न सालानंतर पानच कोरं आहे."

"मोजमाप कशाला? ठोकून बघतो ना मी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी. ऐक."

हेक्टरने लाकडी हातोडी घेतली आणि एकशे सतराच्या झाकणावर वरून खाली ठोकत आला. पोकळ, पोकळ, आणि मग अचानक भरीव, जाड आवाज.

"ऐकलंस? एकेचाळीस वर्षांत तिसरा हिस्सासुद्धा उडाला नाही. त्या डावीकडच्यांचा निम्मा गेला असता. कैदेतून आलो, आणि पहिल्याच आठवड्यात मी हे ओलीच्या कोपऱ्यात आणून ठेवलं. तुझा बाप म्हणायचा, हेक्टर, हवेत उडतो तो देवदूतांचा वाटा, तोसुद्धा तू कापलास."

मॉरा हसली नाही. तिने भिंतीच्या दगडाला तळवा लावला आणि ओला झालेला तळवा कोटाला पुसला.

"ठोकून पातळी कळते, काका. शक्ती नाही कळत."

"माहीत आहे."

"ओल्या हवेत पाणी बाहेर पडत नाही. मद्यार्क मात्र पडतो. पिंप भरलेलं राहतं, आणि आत—"

"माहीत आहे पोरी."

त्याला खरेच माहीत होते. कोठारात दोन वर्षे काढलेल्या कुणालाही ते माहीत असते. डावीकडच्या एकवीस पिंपांच्या बाबतीत तो हा हिशेब झोपेतही सांगू शकला असता. पण एकशे सतराचे बूच काढायचे म्हणजे दर खेपेला बाटलीभर नमुना जायचा, आणि तेवढेही त्याला जाऊ द्यायचे नव्हते. पंचाहत्तर साली मॅनेजरने नमुना मागितला, तेव्हा त्याने चिठ्ठी पाठवली होती: 'ठोकून पाहिले. उत्तम आहे.' तेव्हा मोजले असते तर वेळेवर कळले असते. कोरड्या कोठारात हलवता आले असते, किंवा तेव्हाच बाटल्या भरता आल्या असत्या.

त्याने बूच सैल केले. बूच निघाले तसा कोठारात वास पसरला. वॉटीने खिशातले हात बाहेर काढले आणि डोक्यावरची टोपीही काढली.

तांब्याची लांब नळी आत सोडून हेक्टरने नमुना काढला. मुरलेल्या चहासारखा गडद रंग. मॉराने तो उभ्या भांड्यात ओतला आणि त्यात मद्यार्क मोजणारे तरंगते काचेचे मापक सोडले. ते दोनदा डुचमळले आणि थांबले.

"चौतीस पूर्णांक सहा," ती म्हणाली.

"मेलो," वॉटी म्हणाला.

"थांबा हो. हे थंड आहे. थंड द्रव जड असतो, मापक वर उचललं जातं आणि कमी दाखवतं. वीस अंशांवर आणून वाचायचं."

ऑफिसातल्या शेगडीवर कोमट पाण्यात नमुना ठेवला. वीस अंश झाल्यावर तिने पुन्हा वाचले. एकोणचाळीस पूर्णांक चार.

मॉराने मापक पुसून ठेवले. मग वॉटीने आवाज खाली आणला, जणू कुलपाची दुसरी किल्ली अजून कुणाच्या कमरेला होती.

"शेजारचं एकसष्ट सालचं पिंप चोपन्नला आहे. एक बादली यात. दोन बादल्या म्हण. चाळीसच्या वर जाईल."

"जाईल," मॉरा म्हणाली, "पण मग बाटलीवर बेचाळीस साल लिहिता येणार नाही."

"मिसळलं हे सांगणार कोण? तू?"

"वॉटी," हेक्टर म्हणाला, "या दाराला दोन कुलपं का होती, हे मला आज समजलं."

वॉटी ओशाळला. "मी आपलं सुचवलं."

मॉरा भांड्याच्या तळाशी बघत होती. "अजून एक आहे," ती म्हणाली. "लाकडातलं बरंच काही यात विरघळलंय. त्यानेही द्रव जड होतो आणि मापक कमी दाखवतं. खरी शक्ती बघायची तर नमुना उकळायचा, वाफ थंड करून गोळा करायची. लाकडातलं सगळं मागे राहतं."

"किती फरक पडतो?" हेक्टरने विचारले.

"एखादा-दुसरा दशांश. इतकं जुनं असलं तर जास्त. पाच-सहासुद्धा पाहिलेत मी."

सहाच हवे होते.

प्रयोगशाळा म्हणजे धान्याच्या माडीखालची छोटी खोली. मॉराने चंबूत नमुना मोजून ओतला, काचेच्या नळीला थंड पाणी जोडले आणि बर्नर पेटवला. वॉटीने लगेच स्टूल ओढले.

"आच कमी कर पोरी."

"वॉटीकाका, हे पाव लिटर आहे."

"पाव लिटर असो नाहीतर नऊ हजार, भट्टी धावायला लागली की माल बिघडतो. सरक तिकडे."

ती सरकली. वॉटीने ज्योत नखभर केली आणि चष्मा चढवून बसला. पहिला थेंब पडायला अकरा मिनिटे लागली. मग दुसरा. तीस वर्षे त्याने जसे पाहिले असेल तसेच तो पाहत होता, तोंड किंचित उघडे. थेंब पाण्यासारखे नितळ होते.

हेक्टर मात्र चंबूकडे बघत होता. मद्यार्क निघून जात होता तसतसा तळातला रंग काळा होत चालला होता. शेवटी वॉटीने ज्योत विझवली, तेव्हा चंबूत काळपट पाणी उरले होते.

"याचं काय करतात?"

"ओतून देतात," मॉरा म्हणाली.

त्याने चंबू फडक्यात धरून नाकाजवळ नेला. मद्याचा वास अजिबात नव्हता. मनुका, जुन्या कपाटाचे लाकूड, जळकी साखर. त्याने तो पुन्हा जागेवर ठेवला.

मॉराने गोळा झालेल्या द्रवात शुद्ध पाणी घालून मूळच्या खुणेपर्यंत भरले, वीस अंशांवर आणले आणि मापक सोडले. ती खाली वाकली. सरळ झाली. मापक पुसून पुन्हा सोडले, आणि पुन्हा वाकली. तिसऱ्या वेळी तिने हेक्टरला खुणेने बोलावले. त्याने गुडघा जमिनीला टेकला, डोळा पातळीला आणला, श्वास रोखला आणि वाचले.

वॉटीनेही वाचले. "चाळीसच की हे! चाळीसला चिकटलंय!"

मॉराने कंपनीचा फॉर्म पुढे ओढला. पेन उघडले. वर न बघता म्हणाली, "काका, या फॉर्मवर पूर्णांकच लिहायचा असतो. दशांशाला जागाच नाही. जवळचा पूर्णांक लिहिला तर नियम मोडत नाही."

"आणि कायद्यात?"

"कायद्यात दशांश आहे."

"तुझ्या बापाने काय लिहिलं असतं?"

तिने पेन खाली ठेवले.

"मीच उशीर केला, पोरी," हेक्टर म्हणाला. "त्यात तुझा फॉर्म कशाला अडकवायचा? वही दे इकडे."

तिने वही आणि पेन त्याच्यापुढे सरकवले. अठ्ठावन्न सालच्या नोंदीखाली, कोऱ्या पानावर, त्याने सावकाश लिहिले:

'पिंप क्र. ११७. भरले २३ सप्टेंबर १९४२. भरणारी: ई. शँड. आकारमान ३४२ लिटर. तापमान २०.०. शक्ती ३९.८.'