न धुतलेली गाडी

नोरीन गाडी चालवायची आणि मी धुवायचो. बावीस हिवाळे हे असंच चाललं. मला स्वतःला मोटरसायकल येत नाही. एकदा तिने मला मागे बसवून स्टॅनहोपपर्यंत नेलं होतं. उतरल्यावर मी इतका वेळ कुंपण धरून उभा राहिलो की तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या वेअरडेल खोऱ्यात घरोघर जाऊन पेशंट बघणारी नर्स होती. जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, म्हाताऱ्यांच्या पायांची काळजी घ्यायची. कामावरून छोटी मोटार मिळत होती, ती तिला नको असायची. "त्या डब्यात बसलं की मीच पेशंट झाल्यासारखं वाटतं," म्हणायची. रस्ता गोठलेला असेल ते दिवस सोडले तर ती बारा महिने गाडीवरच.

नोव्हेंबर ते मार्च आमच्या रस्त्यांवर मीठ टाकतात. पिवळा दिवा लावलेला ट्रक संध्याकाळी तपकिरी खडे उधळत वर डोंगराकडे जातो. त्यामुळे माणसं घसरत नाहीत, पण गाड्या गंजतात. चाकाने उडालेलं खारं पाणी इंजिनावर, आऱ्यांवर, ब्रेकच्या आत, सगळीकडे बसतं.

म्हणून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही गाडी हिवाळ्यासाठी तयार करायचो. धुऊन, पूर्ण वाळवून मी सगळ्या धातूला ब्रशने गंज रोखणारं तेल लावायचो. पातळ थर, दिसायला कळकट. ब्रेकच्या चकत्यांना तेल लागू नये म्हणून नोरीन त्यांना माझे जुने मोजे बांधायची. "भोकं बघ मोज्यांना. तुला बायको नाही की काय?" असं दर वर्षी म्हणायची. मग रोज संध्याकाळी ती आली की मी नळी घेऊन बाहेर. नळ गोठू नये म्हणून त्याला एक स्वेटर गुंडाळलेला असे.

धुवायचं गार पाण्याने. गरम पाण्याने मीठ लवकर विरघळतं आणि फटीफटीत शिरतं. आणि गाडी ठेवायची थंड शेडमध्ये. थंडीत मीठ पडून राहतं, ऊब मिळाली की लोखंड खायला लागतं. हे मला नोरीनने शिकवलं आणि तिला तिच्या भावाने, डग्गीने. डग्गीचं खाली वुल्सिंगहॅमला गॅरेज आहे.

दोन डिसेंबरला गुरुवार होता. ती साडेचारला आली तेव्हा अंधार पडला होता. मी शेगडीजवळ पाय टाकून बसलो होतो.

"रेमंड, आज रस्त्यावर मीठच मीठ आहे. चेन नीट धू."

"उद्या सकाळी धुतो."

"उद्या?"

"कंबर धरलीय."

"कंबर नाही, खुर्चीने धरलंय तुला." ती हसली आणि बूट काढायला लागली. "धू बाबा उद्या. एका रात्रीत काय खातंय ते खाऊ दे."

माझी कंबर धरलेली नव्हती. मला फक्त उठायचं नव्हतं.

सकाळी ती स्वयंपाकघरात चहा करताना पडली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. डरहॅमच्या हॉस्पिटलात दोन दिवस होती, शुद्धीवर आली नाही. एकोणसाठ वर्षांची होती.

रविवारी रात्री मी घरी आलो. सोमवारी सकाळी नळी घेऊन शेडमध्ये गेलो, दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. गाडीवर मिठाचा पांढुरका थर वाळला होता. पेट्रोलची टाकी हिरवी आहे, तिच्यावर तो स्पष्ट दिसत होता. आणि त्या थरात नोरीनचा हात उमटला होता. गाडी आत ढकलताना हातमोजा काढून तिने टाकीवर तळवा टेकला असणार. पाच बोटं, तळवा, अंगठीच्या जागी जरा रुंद.

मी नळी परत गुंडाळून ठेवली.

दफनानंतर डग्गी म्हणाला, "गाडी तॅम्सिनला द्यायची ठरलीय ना?" तॅम्सिन त्याची मुलगी. तीही नर्स, आणि एप्रिलपासून नोरीनच्याच वरच्या वाड्यांचं काम तिच्याकडे येणार होतं. गेल्या उन्हाळ्यात नोरीनने सगळ्यांसमोर तिला सांगितलं होतं की माझे गुडघे गेले की गाडी तुझी. मी म्हणालो, ठरलीय. फेब्रुवारीअखेर ये आणि घेऊन जा.

डग्गी म्हणाला, "तू आहेस म्हणून काळजी नाही. दुसऱ्या कुणाकडे असती तर आजच नेली असती."

न धुतलेल्या मिठाने काय होतं ते मला माहीत होतं. मी रोज सकाळी शेडमध्ये जायचो, टाकीपाशी उभा राहायचो आणि परत यायचो. उद्या, असं म्हणायचो. मग नाताळच्या आधी कडाका पडला. शेडच्या खिडकीला आतून बर्फाची साय धरली. मी आत गेलो तर लोखंड इतकं गार होतं की बोट चिकटत होतं. मला ते सहन झालं नाही. घरात जादा खोलीत विजेचा हीटर होता, तो मी ओढत नेला आणि गाडीशेजारी लावला. मागच्या बाजूवर आमच्या पलंगावरची रजई घातली. हीटर मी बंद केलाच नाही.

इतर कुणी असं केलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं.

जानेवारीत इंजिनाच्या कडांना पांढरी बुरशीसारखी लव आली. आरे तांबूस झाले. खाली फरशीवर तांबडे थेंब पडायला लागले. ते मी फडक्याने पुसायचो. गाडीला हात लावत नव्हतो.

डग्गी सत्तावीस फेब्रुवारीला आला. रविवार होता, सकाळचे अकरा. व्हॅन मागे घेऊन त्याने दार लावलं आणि तिथूनच ओरडला, "रेमंड! जिवंत आहेस का? दाढी केव्हापासून करत नाहीस? मेंढ्या हाकायला लागलास की काय?"

"चहा घे आधी."

"गाडी चढवू, मग चहा. तॅम्सिनने डोकं खाल्लंय माझं. तिने हेल्मेटसुद्धा हिरवं घेतलंय."

त्याने शेडचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थांबला. आतल्या उबेने त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा काढून कोटाला पुसत तो म्हणाला, "टोमॅटो लावलेस का काय इथे?"

मग त्याने चष्मा घातला.

तो आत गेला, रजई उचलून बाजूला टाकली, गुडघ्यावर बसला. पुढचं चाक फिरवून बघितलं. फिरलं नाही. चेन बोटाने दाबली, ती सळईसारखी ताठ होती. पुढच्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या एरवी चकचकीत असणाऱ्या नळीवरून त्याने नख ओढलं, ते ठिकठिकाणी अडकलं.

"कधी धुतलीस?"

"नाही धुतली."

"नाही म्हणजे?"

"तिने आणली तेव्हापासून नाही."

"आणि हा हीटर?"

"गारठा फार होता, डग्गी."

तो उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "गारठा कुणाला होता? लोखंडाला? अरे, तू बावीस वर्षं... शेंबड्या पोराला कळतं हे! ब्रेकचे पिस्टन गेले. नळ्यांना खड्डे पडलेत, त्या आता तेल धरणार नाहीत. तॅम्सिन यावर बसून घाट उतरली असती तर? मी न बघता दिली असती तिला. तुझ्याकडून आलीय म्हणून डोळे मिटून दिली असती!"

मी म्हणालो, "टाकीवर तिचा हात आहे."

"काय?"

"नोरीनचा हात. मिठात उमटलाय. धुतली असती तर गेला असता."

डग्गीचा आवाज उतरला. तो जवळ आला. "कुठे?"

"हा काय. इथे."

"कुठला हात?"

मी बोट दाखवलं. त्याने खिशातून टॉर्च काढून टाकीवर आडवा उजेड टाकला. खाली वाकून बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं.

"रेमंड, इथे काही नाही," तो हळू म्हणाला.

मी त्याच्या हातातला टॉर्च घेतला. टाकीवर ओघळ होते. करडे, पांढरे, वरून खाली आलेले ओघळ. मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि त्या उबेत ते विरघळून वाहत होतं, पुन्हा वाळत होतं, पुन्हा वाहत होतं. बोटं नव्हती. तळवा नव्हता. एका ठिकाणी रुंद डाग होता, तो अंगठीचा आहे असं मी धरून चाललो होतो. तो बाजूच्या ओघळासारखाच होता.

हात केव्हा गेला ते मला सांगता येणार नाही. कदाचित हीटर लावल्याच्या आठवड्यातच. मी दोन महिने रोज त्याच्यासमोर उभा राहत होतो.

डग्गीने वाकून हीटरची पिन काढली. "चल, धुऊ," तो म्हणाला.

चाक फिरत नव्हतं म्हणून आम्ही ते फळीवर चढवलं आणि गाडी ओढत अंगणात आणली. नळी मी धरली. आधी टाकी धुतली, कारण पाणी वरून खाली जायला हवं. ओघळ एका फवाऱ्यात गेले. खालून हिरवा रंग निघाला, नवा असावा तसा. रंगाला काही झालं नव्हतं. जे काय झालं होतं ते खाली झालं होतं. इंजिनावरून पाणी तांबडं उतरत होतं आणि फरशीवरून गटाराकडे जात होतं. डग्गी ब्रशने घासत होता. आम्हा दोघांचे हात बधिर झाले तरी पाणी तांबडंच होतं.

"होईल का दुरुस्त?" मी विचारलं.

"सगळं उघडल्याशिवाय नाही सांगता येत. सांगाडा बरा आहे, तो तू आधी सांभाळलास म्हणून. बाकी..." त्याने ब्रश बादलीत टाकला. "एप्रिलमध्ये नाही. या वर्षी नाही. तॅम्सिनला मी सांगतो, ब्रेक जाम झाला म्हणून."

"तेवढंच?"

"तेवढंच. बाकी तिला कशाला?"

"मी सांगतो तिला."

"रेमंड, ती रागावेल. माझ्यासारखं दोन मिनिटांत नाही उतरत तिचं."

"मीच सांगतो."

मी घरात जाऊन फोन लावला. तॅम्सिनने लगेच उचलला. "काका! निघाली का माझी गाडी?"

"नाही. मी ती खराब केलीय. तुझ्या आत्याने आणली तशीच ठेवली मिठात, सत्त्याऐंशी दिवस. वर हीटर लावला."

मागे तिच्या घरात रेडिओ चालू होता, तो तिने बंद केला.

"पण काका, तू?" ती म्हणाली. "तूच?"

"हो."

"का पण?"

मी तिला हाताचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला माफ केलं असतं.

"नाही धुतली," मी म्हणालो. "रोज उद्या म्हणत होतो."

"आत्याने मला शब्द दिला होता, काका."

"माहितीय मला."

"मी आत्ता नाही बोलू शकत तुझ्याशी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी थोडा वेळ तिथेच बसलो. बाहेर डग्गी जाम झालेला ब्रेक सोडवायला लागला होता, हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. मग त्याने ओरडून मला हाक मारली, की एका माणसाने चाक धरल्याशिवाय हे होणार नाही. मी कोट घातला आणि बाहेर गेलो.