एका बाजूला झुकलेली गाडी

आमच्या बाबांना आईला सोडून जगात कुणालाही काहीही विचारता येतं. गाडीला नवे शॉकअप कुठले घालावेत, हे त्यांनी गावातल्या झाडून सगळ्या गॅरेजवाल्यांना विचारलं, रविवारी बरोबर गाड्या हिंडवणाऱ्या टोळक्याला विचारलं, दाढी करणाऱ्यालासुद्धा विचारलं. मला कामावर फोन करकरून भंडावून सोडलं. "मऊ घेऊ की कडक? तेलाचे घेऊ की गॅसचे?" मी बँकेत काम करते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आणि ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ती आत भाजी निवडत बसलेली असायची. तिला ऐकू जाऊ नये म्हणून बाबा अंगणात जाऊन बोलायचे.

गाडी म्हणजे बाबांचा पिकअप ट्रक. पुढे दोन सीट, मागे एक आखूड बाक आणि त्याच्या मागे सामान टाकायचा उघडा हौदा. बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करतात, त्यामुळे हौद्यात कायम पाइप, साखळ्या आणि ग्रीसने माखलेली फडकी. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांना नदीच्या पात्रातून, दगडधोंड्यांतून गाड्या घालणारं एक टोळकं भेटलं आणि बाबांच्या अंगात आलं. पुढच्या स्प्रिंगा लांब घातल्या, मागचे पाटे वाढवले, चाकं तर ही एवढी बसवली. गाडी घरी आली तेव्हा आई दारात उभी राहून तिच्याकडे मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "जिराफ आणलात होय?" तेव्हापासून गाडीचं नाव जिराफच पडलं.

आई त्या जिराफात हौसेने बसायची, हे मला सांगायलाच हवं. बाबांनी तिला एक लाकडी स्टूल करून दिलं होतं, त्याला दोरी बांधलेली. आई स्टुलावर पाय देऊन चढायची, सीटवर बसायची आणि मग विहिरीतून बादली काढावी तसं दोरीने स्टूल वर ओढून पायाशी ठेवायची. शेजारपाजारचे लोक हे बघायला थांबायचे. आईला त्याचं काही वाटत नसे, उलट ती त्यांना हात करायची.

मग एका रविवारी ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतायत, तुम्ही जाऊन या." बाबा म्हणाले, "बरं." झालं. त्यानंतर सात-आठ वर्षं आई बसने हिंडली, नाहीतर माझ्या छोट्या गाडीतून. जिराफात ती पुन्हा चढली नाही. स्टूल माळ्यावर गेलं. दोघांचं काही भांडण होतं असं नाही. एकाच लग्नाला दोघं वेगवेगळे पोचायचे, तिथे शेजारी बसून जेवायचे आणि वेगवेगळे परत यायचे. लोकांना गंमत वाटायची, मला चीड यायची.

गेल्या महिन्यात टोळक्यातल्या एकाची बायको गेली. साधा ताप आला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. बाबा तिकडून आले ते बराच वेळ गाडीतच बसून राहिले. मी काचेवर टकटक केलं तेव्हा त्यांनी शेजारच्या सीटवरची स्क्रूड्रायव्हरची पिशवी उचलून मागे टाकली आणि म्हणाले, "तुझी आई इथे बसली पाहिजे. माझे हातपाय चालतायत तोवर." बाबा असं कधी बोलत नाहीत.

योगायोगाने जिराफाचे शॉकअप त्याच सुमारास गेले. त्यांच्यातून तेल गळत होतं आणि वळणावर गाडी होडीसारखी डुलायची. बाबांनी लगेच निष्कर्ष काढला, की आईला आजवर नडत होते ते धक्के. गुडघे धक्क्यांनीच दुखतात. मऊ शॉकअप घातले की प्रश्न मिटला.

"बाबा, आईलाच विचारा ना एकदा," मी म्हटलं.

"तिला काय कळतंय त्यातलं? आणि सरप्राइज आहे ते."

सरप्राइज! साठी उलटून गेलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द ऐकून मी कपाळाला हात लावला. पण सुट्टी काढून त्यांच्याबरोबर गेले.

दुकान गावाबाहेर होतं. पुढे सुट्या भागांची खोकी छतापर्यंत रचलेली, मागे गॅरेज. मालकाच्या गळ्यात शिंप्यासारखा कायम टेप लटकलेला असतो, म्हणून सगळे त्याला टेपवालाच म्हणतात. बाबांनी तोंड उघडायच्या आत तो गाडीखाली शिरला होता.

"मला चार इंच उंच केलेल्या गाडीचे हवेत," बाबा वाकून म्हणाले. "मऊ. एकदम मऊ द्या."

"काका, खोक्यावर चार इंच लिहिलंय म्हणून चार इंचांचे घेऊ नका," गाडीखालून आवाज आला. "आधी मोजू द्या."

त्याने चारही चाकांपाशी बसून मापं घेतली, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत. एकदा घेतली, गाडी दाबून हलवून पुन्हा घेतली. मग हात पुसत उठला.

"स्प्रिंगा बसल्यात तुमच्या. आता चार इंच उंची राहिलेलीच नाही. त्यावर लांब शॉकअप घातले तर खड्ड्यात त्यांना आत जायला जागाच उरणार नाही. आतल्या आत ठोकतील आणि सहा महिन्यांत फुटतील. घ्यायचंच तर स्प्रिंगांसकट सगळं नवं घ्या."

"बरं," बाबा म्हणाले.

"आणि गाडी एका बाजूला झुकलीय. तुमच्या बाजूला. चांगली दीड बोट." टेपवाला अगदी सहज बोलत होता, समोरच्याच्या काळजाला घरं पडतायत हे त्याला कुठून कळणार? "शेजारी कुणी बसत नाही वाटतं कधी?"

बाबा गाडीकडे बघत राहिले. मीही बघितलं. एकदा सांगितल्यावर ते इतकं उघड दिसत होतं, की आजवर दिसलं कसं नाही याचंच नवल वाटावं. जिराफ ड्रायव्हरच्या अंगाला कललेला होता. रोज एकच माणूस, एकाच बाजूला, इतकी वर्षं.

"बसायची," बाबा म्हणाले.

टेपवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "माणूस किती बसतं त्यावर मऊ-कडक ठरतं, म्हणून विचारलं हो."

"दोघं धरा. दोघंच धरा." बाबा म्हणाले. "आणि असं करा, गाडी खालीच आणा. होती तशी. मूळच्या स्प्रिंगा, मूळचे पाटे, मूळच्या मापाचे शॉकअप. चाकंही लहान करा. तिला चढायला त्रास नको."

मी पुन्हा म्हटलं, "बाबा, तिला एक फोन तरी करू." त्यांनी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही फार ताणून धरलं नाही, कारण मला बाबांचा अभिमान वाटत होता. ज्या गाडीपायी या माणसाने आख्खं घर डोक्यावर घेतलं, तीच तो बायकोसाठी जमिनीवर आणत होता. टोळकं आता त्याची टर उडवणार होतं. त्याची त्याला पर्वा नव्हती.

शनिवारी गाडी तयार झाली. मूळच्या उंचीवर जिराफ इतका बुटका दिसत होता, की मला हसूच आलं. बाबांनी तो आतून बाहेरून धुतला, शेजारची सीट पुसली, हौदा रिकामा केला. रविवारी सकाळी फाटकासमोर उभा करून त्यांनी आईला हाक मारली.

"अगं, बाहेर ये जरा. तुला बाजारात सोडतो."

आई पिशवी घेऊन बाहेर आली आणि पायरीवरच थांबली. गाडीला नखशिखांत न्याहाळून म्हणाली, "ही कुणाची?"

"आपलीच! जिराफ!" बाबांनी धावत जाऊन तिच्या बाजूचं दार उघडलं. "बस. पाय उचलावा लागणार नाही, बघ."

"स्टूल?"

"आता कशाला स्टूल? लागतच नाही."

आई सीटवर टेकली, पाय आत घेतले, पदर सावरला. बाबांनी दार इतकं हळू लावलं, की ते लागलंच नाही आणि पुन्हा लावावं लागलं. मी मागच्या बाकावर बसले. गाडी चालायला लागली आणि खरंच, रस्त्यावरचे खड्डे कुठे गेले कळेना. बाबा आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवत होते. लहान मुलासारखे खूश होते ते.

बाजाराच्या रस्त्याला एका जुन्या बंगल्याची लांबलचक दगडी भिंत लागते. आई खिडकीतून बघत होती. भिंत सुरू झाली, तशी ती जरा ताठ बसली. मग मान उंचावली. मग पुन्हा टेकून बसली.

"आता दिसत नाही," ती म्हणाली.

"काय दिसत नाही?"

"पलीकडचं तळं. छोटंसं आहे, त्यात बदकं असतात. जिराफातून दिसायचं. बसमधून नाही दिसत, बस पुलावरून, दुसऱ्याच रस्त्याने जाते. मी म्हटलं आज दिसेल."

बाबांनी गाडीचा वेग कमी केला. "तुला... उंच आवडायचं?"

"न आवडायला काय झालं? लोकांच्या भिंतींपलीकडचं सगळं दिसायचं फुकटात. कुणाची बाग, कुणाचं वाळवण. तुमचं लक्ष रस्त्यावर. मीच आपली बघायची."

"मग गुडघे?"

मांडीवरच्या पिशवीचे बंद एकमेकांत गुंतवत आईने सांगितलं. ऐकलं ते मीही पहिल्यांदाच. त्याच्या आदल्या रविवारी नदीच्या पात्रात सगळ्यांचा मुक्काम होता. तिचं स्टूल कुणीतरी बसायला नेलं आणि निघताना ते दोरखंडांखाली कुठेतरी गेलं. बाबांनी इंजिन सुरू केलं होतं, "चल, चल" चाललं होतं, आणि ती दाराशी उभी. कुणीतरी ओरडलं, वहिनींना क्रेन लावा रे. सगळे हसले. मग दोघांनी तिला दंडांना धरून पोत्यासारखी वर चढवली.

"मला आठवत नाही," बाबा म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात."

"अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना मला!"

"आणि तुम्ही तेव्हाच विचारायचंत. मी गुडघे म्हटलं आणि तुम्ही लगेच 'बरं' म्हणालात. इतक्या लगेच? मला वाटलं, एकदा तरी म्हणतील, की दाखव बघू कुठे दुखतंय. पुढच्या रविवारी म्हणतील. मग मीही हट्टाला पेटले. मग सवयच झाली."

आईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. एवढ्याशा गोष्टीपायी या दोन माणसांनी इतकी वर्षं वेगवेगळ्या गाड्यांतून घालवली होती, आणि एकाच घरात, एकाच ताटलीतले पापड मोडून खाताना दोघांपैकी कुणाला हे बोलावंसं वाटलं नव्हतं. मला दोघांचाही राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

बाबांनी गाडी भिंतीच्या कडेला घेतली आणि थांबवली. "परत उंच करू," ते घाईघाईने म्हणाले. "आठवड्याचं काम आहे. नव्या स्प्रिंगा, लांब शॉकअप, सगळं त्याच्याकडे आहे. मी उद्याच जातो. स्टूल माळ्यावर आहे. मी स्वतः मांडत जाईन. दर वेळी."

आईने त्यांच्या स्टिअरिंगवरच्या हातावर हात ठेवला. "नको हो. तेव्हा गुडघ्यांचं मी उगाच म्हणाले होते. आता खरंच चढवत नाही."

इंजिन चालू होतं. मग बाबांनी ते बंद केलं, दार उघडून उतरले आणि मागे जाऊन हौद्यात चढले. त्यांनाही चढायला वेळ लागला. दोन्ही हात भिंतीवर टेकवून त्यांनी टाचा उंचावल्या.

आईने काच खाली केली. "आहेत का बदकं?"

बाबा बघत राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"तळंच नाहीये," ते म्हणाले. "फरशी घातलीय. वर खुर्च्या मांडल्यात."

"अगंबाई. कधी बुजवलं?"

कामाला जायचा बाबांचा रोजचा रस्ता हाच. इतकी वर्षं रोज दोनदा, त्याच उंच गाडीतून, याच भिंतीशेजारून ते गेले होते.

"काय माहीत गं," अखेर ते म्हणाले. भिंतीवरचे हात त्यांनी काढले नव्हते. "मी कधी बघितलंच नाही."

आईने खिडकीतून मान बाहेर काढून वर बघितलं.

"बरं, उतरा आता सावकाश," ती म्हणाली. "पडाल."