आई झोपलीय

"तुला भेटायचं नसेल तर तूच दारात जाऊन सांग. पोरीच्या तोंडून नको वदवूस," असं थोरल्या जावेनं तिला एकदा बजावलं होतं. तिनं ते हसण्यावारी नेलं. एवढीशी तर थाप, आणि पोरीला त्यातलं काय कळतंय? वर मनात असंही येऊन गेलं, की स्वतःला मूलबाळ नसलं की सल्ले द्यायला काय जातंय! ते तिनं कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नाही.

तिचं घर शिलाई मशीनभोवती फिरायचं. पदवी कपाटात आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग पलंगावर, असा सगळा कारभार. लेकीचं लाडाचं नावसुद्धा गुंडी. सुई कुठे पडली, कात्री कुणाच्या हाती लागली, पोर आज गप्प का, याच्याकडे आईचा सतत एक डोळा. पेला फुटला तर लगेच येऊन सांगायचं, खरं सांगणाऱ्याला ओरडा बसणार नाही, हा घरचा कायदा.

खालच्या मजल्यावर मावशी एकट्या राहत. स्वभावानं लाख माणूस, पण बोलायला बसल्या की उठायचं नाव घेत नसत. त्यांची बेल वाजली की गुंडी दाराच्या फटीतून सांगे, "आई झोपलीय," आणि आई मशीनच्या पायडलवरून पाय उचलून श्वास रोखून बसे. मावशी जिना उतरल्या की दोघी मायलेकी खुदकन हसत.

त्या संध्याकाळीही असंच झालं. फक्त परत येऊन गुंडी म्हणाली, मावशी भिंतीला धरून उभ्या होत्या. गुडघे दुखत असतील, असं म्हणून आईनं पुढची बाही लावायला घेतली.

सकाळी मात्र तिचं मन खाऊ लागलं. तिनं गरम सूप डब्यात भरलं आणि गुंडीला खाली पिटाळलं. पोर बऱ्याच वेळानं आली. दिला का डबा? दिला. काय म्हणाल्या?

"झोपल्यात."

आईनं मान डोलावली आणि मशीन सुरू केलं.

दुपारी शिवलेले गणवेश पोचवायला ती उतरली, तर जिन्याच्या एका पायरीला तिची चप्पल चिकटली. जिन्याखाली सायकलच्या मागे डबा, शेजारी गुंडीचा रुमाल, पिवळा होऊन वाळलेला. तिनं लेकीला हाक मारली. गुंडी वरच्या पायरीवरच थांबली.

"सांडलं. मग मी पुसलं."

"आणि मावशी?"

"बेल नाही वाजवली." मग जरा धीर करून म्हणाली, "तू सांगतेस तसंच सांगितलं ना मी."

रागवायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. आधी बेल दाबली, मग दार ठोठावलं. आतून काहीतरी फरशीवर आपटल्यासारखा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

शेजाऱ्यांनी दार तोडलं. मावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या, सकाळपासून. हातातला प्लास्टिकचा तांब्या त्या फरशीवर आपटत होत्या. वर मशीन चालू असताना तो आवाज कुणाला ऐकू जाणार होता?

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेनंतर ती गुंडीला घेऊन दवाखान्यात गेली. वाटेत तिनं लेकीला समजावलं, काय झालं ते सगळं सांगायचं, घाबरायचं नाही. गुंडीनं पलंगाच्या दांड्याला धरून सांगून टाकलं: सूप सांडलं, बेल वाजवली नाही, खोटं बोलले. मग तिनं आईकडे पाहिलं. आता तुझी पाळी, असं ते पाहणं होतं.

ती म्हणाली, "मावशी, तुम्ही पडलात त्याच्या आदल्या संध्याकाळी मी झोपले नव्हते."

"माहीत आहे गं," मावशी म्हणाल्या. "तुझं मशीन माझ्या डोक्यावरच चालतं. मी बेल दाबली की ते थांबतं, आणि मी खाली येऊन बसले की पुन्हा सुरू होतं. त्या दिवशी चक्कर येत होती म्हणून आले होते. म्हटलं, कामात असेल, कशाला पुन्हा त्रास द्या."

तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मावशींच्या आवाजात राग असता तर तिला तोंड वर करता तरी आलं असतं. गुंडीनं मात्र मावशींच्या चादरीचं सुटलेलं टोक नीट खोचलं आणि विचारलं, "मग तुम्ही आईला ओरडला का नाहीत?"



हल्ली बेल वाजली की ती स्वतः दार उघडते. वेळ नसला तर तसं तोंडावर सांगते. जावेला मात्र तिनं अजून फोन केलेला नाही, लाज आडवी येते. तुमच्याकडे तिचं एवढंच मागणं आहे. ज्या कुणाला तुम्ही लेकराच्या तोंडून 'घरात नाही' म्हणून परत पाठवलं असेल, त्यांच्या दाराशी आज स्वतः जा. बेल वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत हलू नका.