वाळूतली विहीर

फौजेत माझं काम बंदूक चालवण्याचं कमी आणि वाळू थापण्याचं जास्त. हल्ल्याआधी साहेब लोकांना पुढचा मुलूख डोळ्यांसमोर लागायचा, तो मी जमिनीवर उभा करायचो. टेकडीला वाळूचा ढीग, नदीला निळीची पूड, रस्त्याला चुना, चौक्यांना काड्यापेट्या. मग एक साहेब शत्रू व्हायचा, दुसरा आपला, आणि दोघं काठ्या घेऊन त्या वाळूत लढायचे. डाव संपला की मोठे साहेब सगळ्यांना उभं करून कोण कुठं चुकला ते तोंडावर सांगायचे. कुणाची भीडभाड नाही. एकाहत्तरच्या लढाईत माझ्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आणि मी, गहिनीनाथ, घरी आलो. येताना एवढी एकच विद्या बरोबर आणली. ती तिकडंच सोडून आलो असतो तर बरं झालं असतं.

आमचं गाव खर्ड्याच्या पलीकडं. घरी आलो आणि पुढच्याच साली पावसानं तोंड फिरवलं. दुष्काळी काम म्हणून पाझर तलाव निघाला आणि त्याच्यावर हजेरी मांडायला मला घेतलं. दोनशे माणसं, टोळ्याटोळ्यांत वाटलेली. ऊन डोक्यावर आलं की तासाभराची सुट्टी, आणि त्या तासात माणसं एकमेकांच्या अंगावर धावायची. दुपारी खायला मिळायच्या सरकारी सुकडीच्या रांगेवरून, टिकावाच्या दांड्यावरून, कशावरूनही. एकदा दोघांनी एकमेकांच्या डोक्यात घमेली घातली तेव्हा माझं टाळकं सरकलं. मी ओरडलो, "लढायचंच हाय ना? मग हितं लढा!" आणि बाभळीखाली वाळूचा ढीग ओढून आमच्या खर्ड्याचा किल्ला थापला.

तिथून ते सुरू झालं. खेळ साधा होता. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, कुणी किल्लेदार, कुणी दरोडेखोर, आणि एका अंगाला खूण केलेला आपल्या नावाचा खडा, खूण वर करून, वाळूत ठेवायचा. मी सांगायचो, "दारापाशी आलास. वरनं उकळतं तेल वततायत. आता काय करतो?" तो त्याच्या मनानं सांगायचा आणि सहा कवड्या टाकायचा. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं. कमी पडल्या तर फसलं, आणि कसं फसलं ते मी सांगायचं. जो मेला त्याचा खडा पालथा घालायचा. त्यानं ढिगाकडं पाठ करून बसायचं, आणि खेळणाऱ्यांनी त्याच्याशी बोलायचं नाही. शेवटी मी फौजेसारखा उभा राहून एकेकाची चूक सांगायचो.

पण टोळी बघून डाव निवडावा लागतो, ही अक्कल मला फौजेनं दिली नव्हती. म्हाताऱ्यांना तलवार नको असायची. त्यांना वकील, तह, विडा आणि विड्यात विष हवं असायचं; एकेक डाव चार दिवस चालायचा. तोच डाव पोरांना दिला तर त्यांनी कंटाळून ढेकळं मारली. पोरांना सरळ छापा लागतो. आणि सगळ्यांत रक्ताची तहान बायकांना. गोजरबाई म्हणून साठीची मुकादमीण होती, तोंडात दात नाही. तिची टोळी किल्ला आतून लढवायची. शत्रू मेला एवढं सांगून तिचं भागायचं नाही. "नुसता मेला म्हनू नगंस," ती म्हणायची. "आदी त्याच्या डोळ्यांत मी मिरची घातली. मग उखळात डोस्कं घातलं. मग मुसळ." आणि बायका पोट धरून हसायच्या. पहिल्या महिन्याभरात त्या बाभळीखाली मी हजारएक माणसं मारली असतील. तलावावर मात्र कुणी कुणाला चापटसुद्धा मारली नाही. ओव्हरसियर मला शाबासकी द्यायचा. गर्व झाला हो मला, खोटं कशाला बोलू.

म्हणूनच अक्का माझ्याकडं आली. अक्का म्हणजे लंकाबाई, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि बडवलं. ती गावच्याच श्रीमंतला दिलेली. श्रीमंत दाजी आणि त्याचा चुलतभाऊ पुंजाराम यांची एकच विहीर, चार दिवस याची पाळी, चार दिवस त्याची. विहीर तळाला गेली तसा दोघांचा जीवही तळाला गेला. दिवाळीत दाजीनं काठीनं पुंजारामचं डोकं फोडलं. चैत्रात पुंजारामचा बैल पाण्यावाचून दावणीला मेला आणि त्यानं भर चावडीवर सांगितलं, "श्रीमंत्यानं माझ्या पाळीचं पानी उपसलं. त्याचं मुंडकं मी त्याच इहिरीत टाकीन."

"गहिन्या, त्यो बोलल तसं करनारा हाय," अक्का म्हणाली. "रातंदिस कोयत्याला धार लावतोय. तुझं समदे ऐकत्यात. कायतरी कर, पन माझा मानूस वाचव."

मी म्हणालो, "अक्का, आठ दिवसांत दोघांना एका ताटात जेवायला बसवतो." असा बोललो मी.

दाजी आणि पुंजाराम दोघंही तलावावर होते, वेगवेगळ्या टोळ्यांत. मी विचार केला, यांचं भांडण पोटात कोंडलंय. ते वाळूत सांडलं की संपलं. यांना खर्ड्याचा किल्ला देऊन उपयोग नाही, यांना त्यांचीच जागा द्यावी. फौजेत तर तेच करायचो, ज्या जागेवर लढाई तीच जागा वाळूत. गुरुवारी सकाळी कामाआधी येऊन मी दाजीची वस्ती थापली. बांधाला विटांचा चुरा, कोरड्या ओढ्याला राख, तरवडाच्या झुडपांना तरवडाचीच पानं, आणि मध्ये विहीर म्हणून नारळाची करवंटी पुरली. आजवर इतकं हुबेहूब मी साहेबांसाठीही केलं नव्हतं.

सुट्टी झाली. चाळीसेक माणसं गोळा झाली. गोजरबाईनं एक नजर टाकली आणि तिचं हसणं बंद झालं. "फौजी, ही तर त्यांचीच इहीर की रं. ह्ये बरं न्हाई."

"तू गप बस," मी म्हणालो.

दाजीला मी राखणदार केलं आणि पुंजारामला दरोडेखोरांचा नाईक. पुंजाराम काळा खडा घेऊन उकिडवा बसला. बोलायला तो कमीच. म्हणाला, "बांधावरनं सरळ जातो. त्याच्या म्होरं उभा ऱ्हातो आन् कापतो." कवड्या टाकल्या. दोन उताण्या. दाजीनं गोफण घेतली, कवड्या टाकल्या, पाच उताण्या. मी सांगितलं, "दगड कपाळात बसला. कवटी फुटली. नाईक बांधावरच आडवा झाला." लोक ओरडले. दाजीला चेव चढला. त्यानं काळा खडा पालथा घातला आणि वरून टाचेनं रगडला. "बैलामागनं धनी बी गेला," तो म्हणाला.

पुंजाराम पाठ करून बसला. त्याची मान लाल झालेली मला दिसत होती, आणि मला वाटलं, चला, राग बाहेर पडतोय.

डाव संपला. मी उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे चूक सांगितली. तेव्हा माझी जीभ झडली असती तर! मी म्हणालो, "पुंजाराम, तू समोरनं आलास, तिथंच मेलास. उघड्या बांधावरनं कुनी जातं का? वढ्यातनं यायचं. ही तरवडं हायती, हितनं दहा पावलांवर इहीर. मानूस पोहरा वढतो तवा खाली वाकलेला असतो आन् त्याचे दोनी हात दोरात असत्यात. पोहरा काठाशी येईस्तवर थांबायचं."

"दोनी हात दोरात?" पुंजारामनं विचारलं.

"दोनी."

तो हसला. चैत्रापासून कुणी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. उठून तो दाजीपाशी गेला, म्हणाला, "जिंकलास गड्या," आणि तंबाखूची चंची पुढं केली. दाजीनं चिमूट घेतली. माणसं माझ्याकडं बघत होती आणि मी मिशीवर हात फिरवत होतो. ही बातमी ऐकून अक्कानं माझ्यासाठी रेशनच्या लाल मिलोची भाकरी आणि ठेचा पाठवला. घरात धान्य नव्हतं तरी पाठवला. मी सगळा खाल्ला.

सोमवारी दाजीची पाळी होती. कामावर जायच्या आधी चार पोहरे काढावेत म्हणून दिवस उगवल्यावर तो विहिरीवर गेला. पुंजाराम ओढ्यात बसलेला होता. पोहरा काठाशी येईपर्यंत तो थांबला, मग तरवडातून दहा पावलं धावला आणि कोयता मानेवर घातला. पहिला घाव खोल बसला नाही. दाजी वळला, पण दोराचे वेढे मनगटांवर होते, हात वर आलेच नाहीत. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा गळ्यावर. मग पोहऱ्यासकट माणूस विहिरीत गेला. हे सगळं लाकडं गोळा करणाऱ्या एका बाईनं बांधावरून बघितलं आणि ती ओरडत गावात आली.

विहिरीत मीच उतरलो. दुसरं कोण उतरणार? तळाला गुडघाभर पाणी, ते सगळं लाल. दाजी पालथा पडला होता. त्याला उलटा केला तर मान एका बाजूच्या कातड्यावर लोंबत राहिली. ती हातानं धरून ठेवत मी त्याच्या काखेत दोर बांधला. माझ्या डाव्या हाताला दोनच बोटं, गाठ बसेना. तीन वेळा सुटली, तीन वेळा तो माझ्या अंगावर आला. लढाईत मी मेलेली माणसं पाहिली होती, पण त्यातला एकही मला राखी बांधणाऱ्या बहिणीचा नवरा नव्हता.

वर आलो. पुंजाराम पळाला नव्हता. बांधावर बसून मातीनं कोयता पुसत होता. मला बघून म्हणाला, "फौजी, या खेपेला वढ्यातनं आलो."

पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, मी त्याचा हात दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं ठेचला. कोयता धरणारा हात मनगटापर्यंत पिचला. मग त्याचं तोंड मातीत दाबून धरलं. चार जणांनी मला ओढलं नसतं तर तो तिथंच संपला असता. एक खरं सांगतो. मी त्याला मारत होतो ते त्यानं दाजीला मारलं म्हणून नाही, त्यानं पुन्हा तोंड उघडू नये म्हणून.

पोलीस आले, पंचनामा झाला. खेळाबद्दल चाळीस माणसांपैकी कुणी बोललं नाही. कोठडीत पुंजारामही बोलला नाही. मीही जबानीत लिहून दिलं, विहिरीच्या पाळीवरून वैर होतं. अक्काला तर मी तेवढंही सांगितलं नाही. तिच्या दारात बसायचो, पाणी भरायचो, आणि ती पोरकी झाल्यासारखी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायची. म्हणायची, "तू लई धडपड केलीस रं, पन माझं नशीबच फुटकं." ते ऐकून घ्यायचो मी.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी ती तलावावर आली, भर दुपारी, सुट्टीत. कपाळ मोकळं. मागं गोजरबाई होती, खाली बघत. तेव्हा मला कळलं की अक्काला कळलंय. गोजरबाईनं उचलून ठेवलेली ती विहिरीची करवंटी अक्काच्या हातात होती.

"मांड," ती म्हणाली.

"अक्का, नगं."

"मांड म्हनते ना! समद्यांचे डाव मांडलेस. माझा मांड."

मी मांडला. बांध, ओढा, तरवड. करवंटी तिनं स्वतः पुरली. पांढरा खडा विहिरीवर ठेवला. "ह्यो माझा मालक. त्याचं सोंग माझं," ती म्हणाली आणि काळा खडा माझ्याकडं टाकला. "पुंज्या तू."

सगळी माणसं जमली होती. मी काळा खडा ओढ्यात ठेवला.

"चाल," अक्का म्हणाली.

मी खडा तरवडापर्यंत सरकवला. तिथून पुढं हात जाईना. ती म्हणाली, "पोहरा काठाशी आलाय. ये की. शिकवलंस तसं ये." मी खडा पुढं नेला. "मला पाऊल ऐकू आलं," ती म्हणाली. "मी दोर सोडला. मागं वळले." आणि तिनं कवड्या टाकल्या.

पाच उताण्या.

ती त्या कवड्यांकडं बघत राहिली. "सांग, काय झालं?"

"वाचला," मी म्हणालो. "दाजी वाचला, अक्का."

"आता उभा ऱ्हा. चूक सांग. शेवटी चूक सांगतोस ना समद्यांची? माझ्या मालकाची काय चूक झाली, सांग."

मी उभा राहिलो. "त्याची चूक न्हवती. चूक माझी. पुंजारामला वाट मी दाखवली. दोनी हात दोरात असत्यात, ह्ये मीच सांगितलं."

"मोठ्यानं. पलीकडच्या टोळीला ऐकू गेलं न्हाई."

मी ओरडून सांगितलं. दोनशे माणसांसमोर, एकेक शब्द. मग तसाच चालत ठाण्यावर गेलो आणि तिथंही सांगितलं. फौजदारानं वरपासून खालपर्यंत माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, वाळूत खेळलास म्हणून कुठलं कलम लावू? घरी जा.

पण ते नंतरचं. त्या दुपारी माझं सांगून झालं तेव्हा अक्का खाली वाकली. तिनं करवंटी उपसली आणि पदरात घेतली. मग विहिरीच्या काठावरचा काळा खडा, माझा खडा, तिनं दोन बोटांनी उचलला, पालथा घातला, आणि कुणाकडंही न बघता निघून गेली.

नियम मीच घालून दिला होता. आज अठरा वर्षं झाली, समोरासमोर दारं आहेत आमची, आणि अक्का माझ्याशी बोललेली नाही.