श्रावणात लोणचं कोण घालते?

श्रावणातला तिसरा गुरुवार होता आणि कौशल्याच्या संत्र्याच्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. मोर्शीकडून तीन जीपा भरून आल्या होत्या, सावळखेडं तर सगळंच लोटलं होतं. दोघं जण झाडावर चढून बसले होते. ज्या फांदीवर ते बसले होते तिला डझनभर हिरवी संत्री लागलेली होती, हे कौशल्याला दिसत होतं, पण बोलायची ती वेळ नव्हती. समोर भूमिसिद्ध बाबा डोळे मिटून उभे होते.

बाबांची भाषा मोठी नामी होती, अर्धी पुराणातली आणि अर्धी मोबाईलच्या जाहिरातीतली. "ही धरणीमाता निद्रिस्त आहे," ते म्हणाले, "तिची फ्रिक्वेन्सी लो झाली आहे. आमच्या अमृतधारेत बत्तीस तत्त्वं आहेत. एकतीस आम्ही सांगू शकतो. बत्तिसावं सांगितलं तर सांगणाऱ्याची जीभ गळून पडेल." मागून कोणीतरी, मग एकतीस तरी सांगा, असं म्हणालं. त्याला शिष्यांनी खांदा दाबून खाली बसवलं.

रांगोळीने आखलेल्या चौकटीत बाबांनी तांब्याच्या कलशातलं पिवळसर पाणी ओतलं आणि मंत्र सुरू केला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ओल्या मातीतून एक गांडूळ वर आलं. त्याच्या मागोमाग दुसरं, मग चार, मग एकदम वीस-पंचवीस. चौकटीतली माती वळवळायला लागली. लोकांनी हात जोडले. कौशल्याचा नवरा गोवर्धन याने तर चिखलातच साष्टांग दंडवत घातला, अंगात नवा पांढरा सदरा असताना. वीस वर्षं जो माणूस कीर्तनात मांडी घालून झोपत आला, त्याला असा भाव दाटून आलेला पाहून कौशल्याचं नाक झणझणलं आणि डोळे भरून आले.

यात तिला काही नवल वाटलं नाही. कीर्तन रंगलं, बुवांनी आवाज चढवला, की तिचं नाक असंच झणझणायचं. ती पुढे झाली आणि बाबांच्या पाया पडली.

कौशल्या साधी बाई नव्हती, हे आधी सांगायला हवं. गावातल्या बावीस घरांचा सेंद्रिय शेतीचा गट तिने उभा केला होता. चाळीस एकरांत तीन वर्षं विषाचा थेंब पडू दिला नव्हता. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून जीवामृत करायचं, काडीकचरा पेटवायचा नाही, बांधावरची बोर आणि बाभूळ तोडायची नाही, गावरान ज्वारीचं आणि तुरीचं बी राखेत घालून मडक्यांत जपायचं, हे सगळं तिने घरोघर फिरून, कधी गोड बोलून तर कधी भांडून लोकांच्या अंगवळणी पाडलं होतं. बागेत पुन्हा फुलपाखरं आली होती, बांधावर तितर बोलायला लागला होता. गटाची संत्री अमरावतीची गिऱ्हाईकं आता नावाने मागत. आणि गटाचा एकच कडक नियम होता: ज्यात काय आहे ते आपल्याला माहीत नाही, ते आपल्या वावरात जाणार नाही.

तो नियम त्याच संध्याकाळी गटाच्या बैठकीत मोडला. रविवारी सप्ताहाचं काल्याचं कीर्तन झालं की बाबांच्या हस्ते महाअभिषेक, आणि तिथून प्रत्येकाने अमृतधारेच्या बाटल्या घेऊन आपापल्या वावरात ओतायच्या, चाळीसच्या चाळीस एकर, असं ठरलं. कौशल्याने नियमाची आठवण करून दिली तेव्हा गोवर्धनच म्हणाला, "तू पाया पडली ना? मंग आता काहून अडवून राहिली?" 

बाबांचा दुसरा चमत्कार शुक्रवारी उजाडताच शेषरावच्या वावरात झाला, म्हणजे झाला नाही. शेषराव गटात नव्हता. त्यालाही वाटलं, आपली जमीन जागी व्हावी. बाबांनी कलश ओतला, मंत्र म्हटला, घाम गाळला. एक गांडूळ वर येईना. तेव्हा बाबांनी डोळे उघडून जाहीर केलं की या माणसाच्या सात पिढ्यांचं पाप या मातीत मुरलेलं आहे आणि अभिषेकाच्या दिवशी याची सावलीसुद्धा पडता कामा नये. सहा फूट उंचीचा शेषराव त्या दिवसापासून पारावर यायचा बंद झाला. त्याची बायको पाण्याला आली की बाकीच्या बाया दोन पावलं मागे सरत.

त्याच सकाळी कौशल्या बागेत गेली. देवाने जिथे दर्शन दिलं तिथे हळदकुंकू वाहावं असं तिच्या मनात होतं. पाहते तर चौकटीत गांडुळं मरून पडलेली. उन्हात वाळून सुतळीच्या तुकड्यांसारखी झालेली, आणि मुंग्यांची रांग लागलेली. ती तिथेच उकिडवी बसली. ही तिची गांडुळं होती. तीन वर्षं शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहून आणलेली. तिने मूठभर माती उचलून नाकाशी नेली आणि तिला चक्क शिंक आली.

ती तशीच बिल्कीसच्या घरी गेली. बिल्कीस गटातलीच, तिचा नवरा वली गावात पिठाची आणि मसाल्याची चक्की चालवायचा. कौशल्याने मेलेल्या गांडुळांचं सांगितलं तशी बिल्कीस सूप बाजूला ठेवून म्हणाली, "एक गोष्ट बोलू का? तुमच्या बाबाच्या चेल्यानं परवा आमच्या चक्कीवर बारा किलो मोहरी दळून नेली. एकदम बारीक पायजे म्हने. वलीनं इचारलं, एवढी काहाले? तं म्हने, लोनच्याले."

"मंग?"

"मंग काय? श्रावनात लोनचं कोन घालते, बाई? कोनाच्या झाडाले कैरी हाये?"

कौशल्याचा हात नाकाशी गेला. वऱ्हाडात जन्मलेल्या बाईला फेसलेली मोहरी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दळलेली मोहरी पाण्यात घालून घोटली की तिचा तिखट झणका सुटतो, आणि तो आधी नाकात जातो, मग डोळ्यांत. कौशल्याने आयुष्यात पन्नास बरण्या लोणचं घातलं होतं. आणि काल ती त्याच झणक्याला भक्ती समजली होती.

घरी येऊन तिने डब्यातली मोहरी कुटली, तांब्याभर पाण्यात फेसली आणि त्याच बागेत दुसऱ्या झाडाखाली वीतभर जागेवर ओतली. मंत्र म्हटला नाही. एक आरती म्हणायला लागतो तेवढ्या वेळात सात गांडुळं वर आली. तिने ती चटकन स्वच्छ पाण्यात धुतली आणि ओल्या पाल्याखाली सोडून दिली. मग झाडाला टेकून मनातल्या मनात म्हणाली, पांडुरंगा, तुझ्यासाठी येणारं पाणी आणि मोहरीनं येणारं पाणी मला वेगळं ओळखता आलं नाही, एवढी कशी मी येडी.

गोवर्धनला तिने हे सांगितलं तर तो म्हणाला, "तुह्या हाताले बाबाच्या पायाचा स्पर्श झाला ना, म्हनून निघाले असतील." त्याने शिष्यांकडून आगाऊच घेतलेल्या बाटल्या देवघरात विठ्ठलाच्या शेजारी मांडल्या होत्या आणि विठ्ठलाला थोडं सरकवलं होतं.

यावर घरात बोलून उपयोग नव्हता. शनिवारी देवघरातली एक बाटली घेऊन ती नत्थुजी महाराजांकडे गेली. नत्थुजी म्हणजे सावळखेड्याचे कीर्तनकार, ऐंशीच्या घरातले, नावापुढे महाराज लागलं तरी स्वतःच्या वावरात निंदण करणारे. त्यांनी सगळं ऐकलं, बाटलीचं बूच काढून हुंगलं, आणि एकामागून एक सात शिंका दिल्या. नाक पुसत म्हणाले, "माह्या कीर्तनात याची जाहिरात होऊन राहिली अन् मी टाळ कुटून राहिलो. उद्या तू बोल. मी मागं उभा हाव."

रविवारी मंदिराचं आवार भरलं. बाबा उंच आसनावर बसले होते, त्यांच्या पायाशी बाटल्यांचे खोके. कीर्तन अर्ध्यावर आलं तसे नत्थुजी थांबले आणि म्हणाले की आता कौशल्या एक अभंग म्हणेल, सगळ्यांनी मंदिरामागच्या भाजीच्या वाफ्याजवळ चला. तो वाफा गटाचाच होता, काळाभोर आणि ओला. बाबांना वाटलं आपलीच आरती होणार. तेही आले.

कौशल्याच्या हातात पितळी तांब्या होता. ती म्हणाली, "माह्याच्यात काई शक्ती नाई. अन् हा तांब्या मी ओतनारबी नाई. शेषरावभाऊ, पुढं या."

शेषराव लोकांच्या मागे, भिंतीला चिकटून उभा होता. बिल्कीस सकाळीच त्याच्या घरी जाऊन, या म्हणून सांगून आली होती. तो पुढे आला तशी गर्दी फाकली. शिष्य ओरडले की याची सावली पडेल. "पडू द्या," नत्थुजी म्हणाले, "ऊन हाये तं सावली पडनारच."

कौशल्याने तांब्या शेषरावच्या हाती दिला. त्याने तो वाफ्यात रिता केला. कौशल्याने टाळ घेतले आणि बाबांच्याच चालीवर, डोळे मिटून म्हणायला लागली:

"कैरी आणावी करकरीत । फोडी कराव्या बेतशीर । मीठ चोळावे त्यावर । रात्रभर ॥
मोहरी घ्यावी दळून । पाण्यात काढावी फेसून । नाका-डोळ्यांमधून । धारा येती ॥"

पहिल्या ओळीला बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. दुसऱ्या कडव्याला त्यांना हसू आवरेना. आणि गूळ-मेथीचं कडवं यायच्या आत शेषरावच्या पायाजवळ माती हलली. एक, दोन, पाच. पापी हाताने ओतलेल्या पाण्यावर, लोणच्याच्या पाककृतीवर, गांडुळं भराभरा वर यायला लागली. बिल्कीस बादली घेऊन तयारच होती. ती एकेक उचलून धुवायला बसली.

बाबा मोठ्याने हसले. "आमचीच शक्ती आहे ही. आम्ही इथे उपस्थित आहोत, म्हणून घडलं."

"असंच असन," कौशल्या म्हणाली. "मंग बाबा, मंदिरात ठेवलेला तुमचा कलश आमी सकाळीच राखेनं घासला हाये. त्यात हे विहिरीचं पानी. तुमी करा."

आता मागे फिरता येईना. बाबांनी विहिरीचं पाणी वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला ओतलं आणि मंत्र सुरू केला. टाळकऱ्यांनी ठेका धरला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक कोंबडी आली, तिने एका डोळ्याने ओली जागा पाहिली, दुसऱ्या डोळ्याने बाबांना पाहिलं, आणि निघून गेली. बाबा म्हणाले की इथे नकारात्मक ऊर्जा फार आहे. शिष्य तोवर जीपकडे गेले होते. बाबाही लघुशंकेचं निमित्त करून गेले ते परत आले नाहीत. खोके मागे राहिले; सोमवारी ते बैलगाडीत घालून गटाने पोलीस ठाण्यात तक्रारीसह जमा केले.

कौशल्याने लोकांना समजावून सांगितलं. "गांडुळाले नाक नाई. पन त्याची सारी कातडीच नाकासारखी, तिच्यातूनच ते श्वास घेते. मोहरीचं पानी लागलं की आग व्हते, म्हनून ते जीव घेऊन वर पळते. वर आलं की ऊन मारते, नाईतर मुंग्या. हे चाळीस एकरांत ओतलं असतं तं तीन सालाची मेहनत आपनच आपल्या हातानं भाजली असती."

गोवर्धन खाली मान घालून ऐकत होता. त्याने हळूच विचारलं, मग घरातल्या बाटल्यांचं काय करायचं. "आधी विठ्ठलाले जागेवर सरकवा," ती म्हणाली, "मंग पाहू."

शेषराव मात्र जागचा हलला नव्हता. रिता तांब्या अजून त्याच्या हातात होता. "वहिनी," तो म्हणाला, "मंग माह्या वावरात काहून नाई निघाले?"

"असतील तं निघतील ना, भाऊ. तुमी दरसाल काडीकचरा पेटवता, वरून तननाशक मारता. दहा सालांत शेनाची पाटी नाई टाकली. गांडुळं राह्यतील कशाच्या भरोशावर? हे पाप नाई. हे नुसतं काम बाकी राह्यलं हाये."

शेषरावने तांब्या वाफ्याच्या कडेला ठेवला. मग सगळ्या गावासमोर त्या सहा फुटी माणसाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि या वेळी त्याचं कारण मोहरी नव्हतं.

नत्थुजींनी उरलेलं कीर्तन तिथेच, वाफ्याजवळ उभ्याने पूर्ण केलं. ते म्हणाले, "देवानं नाक दिलं ते हुंगाले, डोळे दिले ते पाहाले, अन् तोंड दिलं ते इचाराले. ज्याले तुमी इचारलेलं चालत नाई, तो देवाचा मानूस नव्हे. बत्तिसावं तत्त्व कोनी लपवत असन, तं पयले तेच मागा. नाई सांगितलं, तं आपल्या घराची वाट धरा. देवाले याचा राग येत नाई. त्यानंच तं डोकं दिलं."

मग काल्याची हंडी फुटली. प्रसाद वाटून झाला तसा शेषराव कौशल्याच्या गोठ्यात जाऊन शेणाची पहिली पाटी भरत होता, आणि त्याची बायको विहिरीवर चार बायांच्या मधोमध उभी राहून लोणच्याचं ते उरलेलं कडवं शिकत होती.