एक लिटर पाण्यात

पाकिटाच्या कोपऱ्यात छापलेली ती तुटक रेघ, इथून कापा म्हणून सांगणारी, आणि तिच्याशेजारी कात्रीचं एवढंसं चित्र... रणधीर सरांची नजर त्या कात्रीवरून हलेना. टेबलावर दुसरंही पुष्कळ होतं. व्हिनेगरची बाटली, फिनेलचा डबा, कुणीतरी धुऊन आणलेली सलाइनची रिकामी बाटली, खोकल्याचं औषध. काल त्यांनीच नववी 'ब'ला सांगितलं होतं, की किती पाण्यात किती हे जिच्यावर लिहिलेलं आहे अशी एक तरी वस्तू घरून घेऊन या, आणि पोरांनी इमानदारीनं आणली होती. जलसंजीवनीचं पाकीट आणलं शिवप्रियानं. तिची आई आरोग्य खात्याची आशाताई, घरात पाकिटांचा ढीगच असणार. त्यात त्या पोरीचा काय दोष? एवढी वर्षं हा धडा आपण शिकवतोय — मीठ घेतलं, साखर घेतली, द्राक्षांवर फवारायचा मोरचूद घेतला, पण हे पाकीट कधी घेतलं नाही, मेडिकलच्या काउंटरवर दिसलं तरी मान दुसरीकडं वळवायची सवय लावून घेतली — आणि ते आज असं एका पोरीच्या दप्तरातून निघून खडूच्या पेटीला टेकून बसलं.

सात वर्षांपूर्वी अशाच एका पाकिटानं त्यांची अकरा महिन्यांची राजेश्वरी गेली. पाकिटानं नाही... पाकीट बिचारं लेकरं वाचवायला असतं. एक लिटर पाण्यात कालवायचं ते एका पेल्यात कालवलं गेलं, म्हणून गेली. कालवलं आईनं, धुरपदाबाईनं, जिला अक्षरओळख नाही. हे सगळ्यांना ठाऊक आहे. सोनालीला तर आहेच, आणि म्हणूनच आई सात वर्षं गावी, वाशीला, थोरल्या भावाकडं, बजरंगकडं आहे आणि नळदुर्गच्या घराचा उंबरा तिनं ओलांडलेला नाही. जे कुणालाच ठाऊक नाही ते एवढंच, की कालवण्याआधी आईनं फोन करून विचारलं होतं. मला विचारलं होतं.

"सर, हजेरी?"

हजेरी घेतली. आवाज नेहमीचाच निघाला, त्याचं त्यांनाच नवल वाटलं.

आज सकाळी, दाढी करताना, बजरंगचा फोन आला होता. "आई जेवण सोडल्यागत करायलीय. डाक्टर म्हणतो वय झालंय, दुसरं काय न्हाय. तुझं नाव काढीत न्हाय, पण दिवसभर रस्त्याकडं तोंड करून बसती. रविवारी ये अन् घेऊन जा. चार दिस तरी ठेव, रणधीर." गालावर फेस तसाच वाळत चाललेला. सोनालीनं सगळं ऐकलं होतं. ती डबा भरत होती, आणि तिनं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. "आणा तुम्ही त्यांना," ती म्हणाली, "तुमची आई आहे. मी तेवढे दिवस माहेरी जाते. त्यांच्या हातचं पाणी माझ्या घशाखाली उतरणार नाही." आणि डब्याचं झाकण घट्ट बसवून तिनं तो त्यांच्या हातात दिला. संध्याकाळी बजरंगला कळवायचं होतं. तेव्हापासून ते एकच गोष्ट मनात घोळवत होते — सोनालीला सांगायचं की नाही. सांगितलं तर आई घरी येईल. आणि सांगितल्यावर सोनाली घरात राहील का, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यांनी फळ्यावर लिहिलं : द्राव्य. द्रावक. द्रावण. संहती.

"मीठ दहा ग्रॅम," ते म्हणाले. "द्रावण खारट की अळणी? सांगा."

"खारट," दोघंतिघं म्हणाले.

"कशावरून? घागरीत टाकलं असेल तर? विहिरीत टाकलं असेल तर?" वर्ग हसला. हे वाक्य दरवर्षी इथंच यायचं आणि वर्ग दरवर्षी इथंच हसायचा. "पाणी किती ते सांगितल्याशिवाय मीठ किती याला काडीचा अर्थ नाही. हे ज्याला कळलं त्याला सगळा धडा कळला." एककाशिवाय उत्तर लिहिणाऱ्याला ते सोडत नसत. पाच? पाच काय, पाच म्हशी? वीस वर्षांतल्या सगळ्या पोरांनी त्यांच्या पाच म्हशींची नक्कल केली असेल.

आणि त्याच माणसानं... फेब्रुवारी होता, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक समोर, खिशात फोन थरथरतोय, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सोनाली तिच्या परीक्षेला सोलापूरला गेलेली. त्यांनी खिडकीकडं तोंड करून फोन घेतला. "रणधीर, राजीला लई जुलाब व्हायलेत. दवाखान्याच्या बाईनं पुडी दिलीया. किती पाण्यात घालू रं?" परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, पेल्यात कालव अन् चमच्यानं पाज की! मी परीक्षेत आहे." आणि ठेवला. चौदा सेकंद. फोनमधली ती नोंद ते नंतर कित्येक दिवस काढून बघत, जणू बघत राहिलं तर तिचे पंधरा होतील. आईनं विचारलेला प्रश्न काय होता? वर्षानुवर्षं ते पोरांना जो प्रश्न विचारायला शिकवत होते, नेमका तोच, आणि तो कधी शाळेत न गेलेल्या बाईनं बरोबर विचारला होता.

"सर," शिवप्रिया उभी राहिली. "माझ्या पाकिटावर एक लिटर लिहिलंय. पण आई म्हणती, लई बाया पेल्यातच कालवतात. मग संहती किती हुईल?"

आता यातून सुटका नव्हती. टाळता आलं असतं — म्हणता आलं असतं, बस खाली, पुढच्या तासाला — पण टाळायची ताकदसुद्धा लागते, आणि ती आज सकाळीच कुठंतरी संपली होती. त्यांनी शिपायाला सांगून स्टाफरूममधला स्टीलचा पेला मागवला. शिवप्रियानं आणखी एक पाकीट काढलं. एक तिच्याच लिटरच्या बाटलीत, एक पेल्यात. कात्रीच्या खुणेवर त्यांनी स्वतः कापलं, पूड पडली, पेल्यातलं पाणी आधी गढूळलं आणि ढवळता ढवळता हळूहळू निवळलं. बघून काही कळत नाही, हेच तर वाईट आहे. दोन्हीकडं पाणीच दिसतं.

"पाकिटात साधारण एकवीस ग्रॅम. पेला दोनशे मिलिलिटरचा. करा."

वह्या उघडल्या. बाहेर हैदराबादकडं जाणारा एक ट्रक गिअर बदलत गेला.

"पाच," मागून कुणीतरी म्हणालं.

पाच काय, असं विचारायला हवं होतं. सगळा वर्ग त्यासाठीच थांबला होता, दोघंजण आधीच हसायला लागले होते. सर पेला ढवळत राहिले. शेवटी तो मुलगा स्वतःच म्हणाला, "पाचपट, सर."

"पाचपट. लहान बाळाला असं पाजलं, तर अंगात मीठ वाढतं. बाळाला झटके येतात." पुस्तकातलं वाचावं तसं त्यांनी सांगितलं.

झटके सोलापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सुरू झाले होते. तिथल्या व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, पाकीट किती पाण्यात दिलं? आई म्हणाली, पेल्यात. डॉक्टर म्हणाले, असं कुणी सांगितलं तुम्हाला? तेव्हा आईनं रणधीरकडं पाहिलं. एकदाच. शेजारी सोनाली उभी होती, परीक्षेची बॅग अजून खांद्यालाच. "म्याच केलं," आई म्हणाली. "मला अडाणीला वाचता येतंय कुठं." आणि ते, विज्ञानाचे शिक्षक, खांबावर चिकटवलेली लसीकरणाची सूचना वाचत राहिले... वरून खालपर्यंत वाचली, तारखांसकट. अजून पाठ आहे. पुढं पंधरा दिवसांनी, वाशीच्या गाडीत बसवून देताना, आई एवढंच बोलली होती, "पोरगी तोंड फिरवीत हुती रं. पर म्हनलं, रणधीरनं सांगितलंय."

"पण सर," पहिल्या बाकावरचा सोमेश म्हणाला, "त्या बायांचीच चूक की मग. वाचाय येत नसल तर कुणालातरी विचारायचं."

"विचारलं होतं तिनं."

हे आपण बोललो, हे त्यांना वर्ग गप्प झाल्यावर कळलं. शिवप्रिया त्यांच्याकडं बघत होती. कुणाला काही समजलं नव्हतं, समजणार तरी काय, पण शब्द तोंडाबाहेर पडले होते, पन्नास पोरांच्या कानांवर गेले होते, आणि छत कोसळलं नव्हतं. घंटा झाली. पोरं बाटल्या-डबे उचलून गेली. शिवप्रिया लिटरची बाटली घेऊन गेली. पेला टेबलावर राहिला.

त्यांनी पेला उचलला. हे पाणी आपण कधी चाखलं नाही. सात वर्षांत एकदाही नाही, हे त्यांच्या आताच ध्यानात आलं. घोट घेतला. आधी गोड, आणि त्या गोडाच्या मागून खारट, कडवट, जीभ आवळून धरणारं... दुसरा घोट घशाशी गेला आणि मान आपोआप बाजूला वळली. त्यांची मान. खिडकीकडं. अशीच वळवली असणार तिनं, एवढीशी मान, आणि आई तिला मांडीवर धरून, पदरानं तोंड पुसून, पुन्हा चमचा पुढं करत असणार. चमच्यामागून चमचा. रणधीरनं सांगितलंय.

त्यांनी वाशीला फोन लावला. बजरंगच्या बायकोनं तो आईच्या हातात दिला.

"रणधीर? वर्गात न्हाईस न्हवं?"

सात वर्षं प्रत्येक फोनची सुरुवात ती अशीच करत आलीय. आणि सात वर्षं त्यांना वाटत आलं होतं, की म्हातारीला पोराच्या नोकरीचं कौतुक आहे.

"नाही. आई, मी आज ते पाणी चाखलं. पाकिटाचं."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज. मग, "आता कशाला काढायलास ते?"

"रविवारी न्यायला येतो तुला. सोनालीला सांगतो आधी. तू विचारलं होतंस ते."

"काय सांगू नगंस." आवाज म्हातारा झाला होता, पण डळमळला नाही. "माझं काय, म्या आज हाय, उद्या न्हाय. तुमाला दोघांला एका घरात ऱ्हायचंय. माझ्या नावावर गेलंय, जाऊ दे. ठेव आता, तास असल तुझा."

तास होता. दहावी 'अ' दारात येऊन उभी होती. आईनं व्हरांड्यात जी वाट काढून दिली होती तीच ती पुन्हा काढून देत होती, आणि अंगठा, शहाणा अंगठा, आपोआप लाल खुणेकडं निघाला होता. पडद्यावर आकडे सरकत होते. चौदा कधीच मागे पडले होते. बावन्न, त्रेपन्न...

"सर, आत येऊ?"

त्यांनी हात वर केला. थांबा.

"आई, ठेवू नको," ते म्हणाले, आणि पुढं काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. संध्याकाळी सोनालीपुढं तोंड उघडेल का, तेही माहीत नव्हतं. तोंडातला खारटपणा जात नव्हता आणि बाजूला पाण्याची बाटली असूनही त्यांनी ती घेतली नाही. पलीकडं आई श्वास घेत होती. ते ऐकत राहिले.